उघड्यावरचं बालनाट्य: जागा, ऊन, वारा, आवाज आणि पुढे सरकणारी पोरं

पारंबी

नाट्यगृहातलं बालनाट्य उचलून झाडाखाली नेलं की ते निसर्गनाट्य होत नाही, नुसतं ऐकू न येणारं बालनाट्य होतं. म्हणून हा धागा. गृहीत धरलंय ते असं: वीज नाही, रंगमंच नाही, पडदा नाही. प्रेक्षक जमिनीवर. मुलं साधारण ५ ते १० वर्षांची, सोबत घरची मोठी माणसं. नाटक झाडा-पाखरांचं, पाण्याचं, किडामुंगीचं.

पहिली गोष्ट क्रमाची. आधी जागा, मग संहिता. संहिता लिहून झाल्यावर जागा शोधायला निघालं की प्रत्येक जागेत काहीतरी खोट निघते. जागा आधी ठरली की वाकडं खोड आपोआप म्हातारी होतं आणि दोन झाडांमधली फट ही एंट्री.

जागा बघायला प्रयोगाच्याच वेळी जायचं, आणि प्रयोगाच्या आधीच्या एक-दोन आठवड्यांत. सकाळी ११ वाजता गार सावली देणारं झाड ५ वाजता सावली भलतीकडेच टाकतं. सूर्य तासाला १५ अंश सरकतो. तो ४५ अंशांवर असताना सावली झाडाच्या उंचीएवढी, ३० अंशांवर पावणेदोनपट, २० अंशांवर पावणेतीनपट. म्हणजे ८ मीटर उंच झाडाच्या शेंड्याची सावली उतरत्या उन्हात १४ मीटरवर किंवा त्याही पुढे पडते. बसायची जागा आखायची ती खोडापासून नव्हे, त्या वेळच्या सावलीपासून. चार कोपऱ्यांना चार दगड ठेवा आणि तासाभराने परत बघा. निम्मे दगड उन्हात आलेले असतील.

तोंड कुणाचं कुठे? ऊन प्रेक्षकांच्या पाठीमागून, थोडं एका बाजूने यायला हवं. मुलांच्या डोळ्यांवर ऊन आलं की दोन मिनिटांत हात कपाळाला, पाचव्या मिनिटाला पाठ नाटकाकडे. ऊन थेट नटाच्या तोंडावर असेल तर तो डोळे बारीक करून बोलतो आणि चेहरा रागावलेला दिसतो. तिरकं ऊन दोघांनाही चालतं.

उतार असेल तर मुलं वर, नट खाली. सहा पावलांना एक पाऊल चढ पुरे. त्याहून फार तीव्र झाला तर ताडपत्रीवरून पोरं घसरतात आणि तोच मुख्य खेळ होऊन बसतो.

बसण्याचं गणित: मुलामागे ४५ सेंमी, दोन ओळींत ८० सेंमी. पहिली ओळ नटापासून ३ मीटरवर धरून अर्धवर्तुळ काढलं तर ओळींत साधारण २०, २६, ३२, ३७ मुलं बसतात, म्हणजे ४ ओळींत ११५. टोकांच्या ३-४ जागा रिकाम्याच ठेवा, तिथून नटाचा फक्त कान दिसतो. मोठी माणसं मागे. मूल मांडीवर हवं असेल तर तेही मागेच.

आवाज, मोठ्या बाहुल्या, चालतं नाटक, पाऊस यावर जाणकारांनी लिहावं.

चौथी_घंटा

आवाजाचं मी घेतो.

मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने घटतो. भिंती नाहीत, छत नाही, परत काही येत नाही. साधं बोलणं १ मीटरवर ६० डेसिबलच्या आसपास. २ मीटरवर ५४, ४ वर ४८, ८ वर ४२, १६ वर ३६. पानांची सळसळच ३५-४० ला सहज पोचते. आवाज चढवून बोललं तर थोडी जास्त मजल, पण शेवटची ओळ १५ मीटरच्या आतच हवी. नाट्यशास्त्रातलं मध्यम नाट्यगृह ६४ हात लांब आणि ३२ हात रुंद. लांबीतला अर्धा भाग प्रेक्षकांचा, म्हणजे ३२ हात. हात ४५ सेंमीचा धरला तर साडेचौदा मीटर! त्याहून मोठ्या मंडपात शब्द अस्पष्ट होतात आणि चेहऱ्यावरचे भाव दिसत नाहीत, असा इशाराही तिथेच आहे.

वारा नटाच्या पाठीकडून प्रेक्षकांकडे वाहायला हवा. वाऱ्याच्या दिशेने जाणारा आवाज जमिनीकडे वाकतो, वाऱ्याविरुद्ध जाणारा वर उचलला जातो. म्हणून उलट्या वाऱ्यात पुढची ओळ ऐकते आणि मागच्या ओळीच्या डोक्यावरून संवाद निघून जातो. आणखी घसा ताणून उपयोग शून्य. दुपारी जमीन तापलेली असली की वाऱ्याशिवायही आवाज असाच वर वळतो. संध्याकाळी जमीन निवू लागली की उलटं होतं आणि आवाज लांबवर जातो. त्यात तासभर आधी पाखरांची शाळा भरलेली असते. जागेवरच्या झाडात पाखरं मुक्कामाला येत असतील तर त्या वेळात संवाद ठेवूच नका, मूकप्रसंग ठेवा.

नटाच्या मागे बांध, दरड किंवा भिंत असली की फायदा होतो, पण ती जवळ हवी. साडेआठ मीटरपेक्षा लांब असेल तर परत येणारा आवाज ५० मिलीसेकंदांहून उशिरा पोचतो आणि शब्दावर शब्द चढतो.

ओढ्याकाठी देखावा सुंदर, संवाद बाद. वाहत्या पाण्याच्या आवाजात स, श, फ, ख ही अक्षरं आधी बुडतात, आणि शब्द ओळखू येतो तो अशा अक्षरांवरूनच.

आता लेखकांसाठी. आपल्या वाक्याचा जीव शेवटी असतो आणि नटाचा श्वासही तिथेच संपतो. “मी त्या झाडावर कधीच चढणार नाही” यातलं “नाही” मागच्या ओळीपर्यंत पोचत नाही. पोरांना ऐकू येतं ते “चढणार”, आणि पुढचा सगळा प्रसंग कोड्यात जातो. उघड्यावर लिहायचं ते “नाही! नाही चढणार मी झाडावर!” असं. वाक्यं ६-७ शब्दांची. नकार, नाव आणि आकडा वाक्याच्या तोंडाशी.

वाद्यांत बासरी वाऱ्यावर भरवशाची नाही, फुंकरीची धारच वारा मोडतो. कातड्याची वाद्यं दमट हवेत सैल पडतात आणि उन्हात चढतात, म्हणून सावलीत ठेवा आणि प्रयोगाच्या १० मिनिटं आधी लावून घ्या. बांबूचे तुकडे, वाळक्या शेंगा, गोटे यांना हवेचं सोयरसुतक नसतं.

सरकती_सतरंजी

माइक वापरायचा की नाही, याचं सरळ उत्तर द्या ना कुणीतरी.

चौथी_घंटा

१५० डोक्यांपर्यंत नको. आवाज भोंग्यातून डावीकडून येतो आणि नट उजवीकडे झाडामागे असतो, मुलं भोंग्याकडे बघतात. त्यात कॉलरच्या माइकला वारा लागला की नुसती खरखर. त्याहून गर्दी जास्त असेल तर प्रयोग दोनदा करा.

पारंबी

इथे थोडी असहमत. ऐकायचं यंत्र लावणारी मुलं असतात, हळू बोलणारे बालनट असतात. निवेदकापुरता एक माइक, तोंडावर जाड स्पंजची टोपी, आणि स्पीकर निवेदकाच्याच मागे, हे चालतं. पण सगळ्यांच्या कॉलरला नको, हे मान्य.

कामटी

मोठ्या बाहुल्या. यावर कितीही लिहिता येईल, पण मोडतात त्या जागा आधी सांगतो.

उदाहरण म्हणून बगळा घेऊ. उंची ३ मीटर, चालवणारा एक, पंख दोन, प्रत्येक २ बाय दीड मीटर. दोन्ही मिळून ६ चौरस मीटर कापड. सेकंदाला ५ मीटर वाऱ्यात (पानं आणि काटक्या सतत हलतात एवढाच वारा) या कापडावर साधारण ११ किलोचा जोर येतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट, म्हणजे ४४ किलो. माणूस बगळ्यासकट वळतो किंवा पडतो. पंखाला भोकं पाडली की भागतं, हा गैरसमज फार पसरलेला आहे. दहा-वीस भोकांनी क्षेत्रफळ कितीसं घटणार? मच्छरदाणीचं जाळीदार कापड घ्या आणि त्यावर पिसांच्या पट्ट्या फक्त वरच्या कडेने शिवा, खाली सुट्ट्या. वारा पट्ट्या उचलून आरपार जातो, आणि लांबून पाहताना पंख भरीव दिसतो.

डोकं: बांबूच्या कामट्या, १० मिमी रुंद आणि ३ मिमी जाड, गाठी तासून घेतलेल्या. अर्धा दिवस भिजवून वाकवायच्या. चार कडी: मानेजवळ मोठं, डोळ्यांपाशी त्याहून थोडं लहान, चोचीच्या मुळाशी लहान, आणि चोचीच्या मध्यावर अंगठ्याएवढं. लांबीच्या सहा कामट्या या कड्यांवर बांधायच्या. बांधायला मेण लावलेला सुती दोरा. तारेने बांधलं की हादऱ्यांनी तार कामटी कापते, आणि टोक कुणाच्या तरी डोळ्याच्या उंचीवर येतं.

वर कागद. पट्ट्या फाडायच्या, कापायच्या नाहीत. फाटलेल्या कडेचे तंतू एकमेकांत बसतात, कापलेली कड वाळल्यावर उचलते. खळ मैद्याची: एक भाग मैदा, पाच भाग पाणी, मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळत. किडीसाठी चिमूटभर तुरटी. मोरचूद घालायची जुनी सवय असली तरी इथे नको, मुलं हात लावतात, ते विषारी आहे. थर चार, प्रत्येक आधीच्याला आडवा, आणि एकाआड एक थर वेगळ्या रंगाच्या कागदाचा, म्हणजे कुठे राहून गेलं ते दिसतं. सावलीत वाळवायचं. कडक उन्हात ठेवलं तर एक बाजू आधी आकसते आणि बगळा जन्मभर डावीकडे बघतो.

शेवटी आतून-बाहेरून वॉर्निश. आतून लावायचं सगळे विसरतात, आणि दव आतूनच खातं.

डोकं तयार झाल्यावर दीड किलोच्या वर नको. अडीच मीटर काठीच्या टोकाला दीड किलो उभं असताना काही वाटत नाही. काठी तिरकी झाली की मनगट सोडून देतं. चौकट पाठीवर असेल तर भार कमरेच्या पट्ट्यावर यायला हवा, खांद्यांवर नव्हे. एकूण वजन ८ किलोच्या आत आणि एका वेळी १० मिनिटं.

अडीच मीटरच्या वरच्या प्रत्येक बाहुलीला एक राखणदार. चालवणाऱ्याला वरचं दिसत नाही. फांद्या, आणि मुख्य म्हणजे विजेच्या तारा. तारेखालून बाहुलीची वाट आखूच नका. ओला बांबू वीज वाहून नेतो.

लहान झाडं अख्खी डोलायला लागली की पंख मिटायचे. हे नटाने ठरवायचं नाही, राखणदाराने. नटाला नेहमी वाटतं, एवढा प्रवेश होऊन जाऊ दे.

वाळकं_पान

कामटी, जाळीची युक्ती झकास. याच वळणावर आठवलं: पेटर शुमान यांनी १९६३ साली न्यूयॉर्कात सुरू केलेलं ब्रेड अँड पपेट थिएटर पुढे व्हरमाँटमध्ये गेलं आणि तिथल्या कुरणात कागदाच्या लगद्याच्या अजस्र बाहुल्या वर्षानुवर्षं नाचवल्या. एका बाहुलीला अनेक माणसं, एक डोकं धरायला, एकेक हाताला एकेक. एकट्याच्या पाठीवर सगळं लादण्यापेक्षा हा मार्ग बरा.

आता जरा झाडांच्या बाजूने. झाडाला खिळा नाही. तार नाही. बारीक दोरीही नाही. ५ सेंमी रुंद पट्टा, त्याखाली गोणपाट, आणि त्याच दिवशी सोडवायचा. मेखा झाडाच्या पसाऱ्याखाली ठोकू नयेत, अन्न-पाणी शोषणारी मुळं वरच्या हातभर मातीतच असतात. ओल्या जमिनीवर शंभर माणसं तासभर बसली की माती दाबली जाते आणि मुळांना हवा मिळत नाही. सलग प्रयोग असतील तर बसायच्या जागी वाळक्या पानांचा वीतभर थर द्या आणि जागा आलटून-पालटून वापरा.

बसायच्या आधी मान वर करा. सुकलेली फांदी, अडकलेली तुटकी फांदी, मोहोळ. यांपैकी काहीही दिसलं तर जागा बदला. मोहोळाला धूर किंवा काठी दाखवणं म्हणजे आ बैल मला मार. आणि त्या दिवशी नटांनी अत्तर लावू नये.

पाखरांच्या विणीच्या हंगामात त्यांचे रेकॉर्ड केलेले आवाज वाजवू नका. नराला वाटतं, आपल्या हद्दीत दुसरा आला. तो घरटं आणि चारा सोडून प्रतिस्पर्ध्याला शोधत फिरतो. पाखरांविषयीच्या नाटकात पाखरांचीच पळापळ. तोंडाने, शिट्टीने, ओबडधोबड नक्कल करा, मुलांना तीच आवडते. चमकी, थर्माकोलचे मणी, फुगे अजिबात नकोत. चमकी गवतातून वेचून दाखवा, मग बोलू.

सरकती_सतरंजी

चेहऱ्याला पानाफुलांचे रंग लावलेले चालतात का?

वाळकं_पान

अनोळखी झाडाचा चीक किंवा रस चेहऱ्याला कधीच नाही. काही रस लावल्यावर काही होत नाही आणि ऊन लागलं की फोड येतात. चेहऱ्यासाठीचेच रंग घ्या, आदल्या दिवशी कोपराच्या आत ठिपका लावून बघा. किंवा मुखवटा. मुखवटा कपाळावर टोपीसारखा बसवा, तोंडावर नको. पुन्हा आवाजाचाच प्रश्न येतो.

काजवा

तिन्हीसांजेला संपणाऱ्या प्रयोगाबद्दल. पेशीत कपडे निवडताना एक चूक हमखास होते. दिवसा हिरव्यावर लाल उठून दिसतो, म्हणून नायकाला लाल. उजेड उतरला की डोळ्याची लाल ओळखायची ताकद आधी जाते आणि निळा-हिरवा त्या मानाने उजळ दिसू लागतो. परकिन्ये परिणाम म्हणतात याला. म्हणजे शेवटच्या प्रवेशात, जिथे नायक दिसायलाच हवा, तिथे तो काळा ठोकळा होतो आणि मागची झुडपं त्याच्यापेक्षा उजळ दिसतात. शेवटी अंधारात जाणाऱ्या पात्राला पिवळट पांढरं द्या. लाल ठेवायचाच असेल तर त्याला दोन बोटं रुंद पांढरी किनार.

संहितेतही हे वापरता येतं. लाल फूल मिटतं, दिसेनासं होतं. खरोखर दिसेनासं होतं, कुणी काही न करता! वेळ मात्र चोख जुळायला हवी, आदल्या संध्याकाळी त्याच जागी बसून घड्याळ लावा.

डोळे अंधाराला पूर्ण सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि एका मोबाइलच्या झोताने सगळं परत शून्यावर. म्हणून दिवे पुढून नकोत, बाजूने आणि मंद. पिवळसर प्रकाशाचे एलईडी घ्या, पांढऱ्या-निळसर दिव्याला किडे जास्त येतात आणि नटाच्या उघड्या तोंडात जातात. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांच्या बॅटरीवर १० वॅटचे दोन दिवे कागदावर चार तास चालतात, हातात दोन-अडीच तास धरा. मशाल, पणती, मेणबत्ती काही नाही. वाळकी पानं आणि पोरं एकत्र आहेत.

चौथी_घंटा

“पेशीत” म्हणजे?

काजवा

“पेशीत” नाही, “वेशभूषेत”. मोबाइलने घात केला. :)

सरकती_सतरंजी

सूर्यप्रकाशात सावल्यांचे खेळ करता येतील का? पडदा लावून.

काजवा

उभा पडदा जमत नाही. सावली बघायला प्रेक्षक पडद्याच्या पलीकडे, म्हणजे तोंड सूर्याकडे. पडद्याच्या वरच्या कडेवरून ऊन थेट डोळ्यांत.

पडदा जमिनीवर अंथरा. पिवळट चादर, २ बाय ३ मीटर, कडांवर गोटे. अगदी शुभ्र नको, डोळे दिपतात. मुलं तीन बाजूंनी बसतात आणि खाली बघतात. चौथी बाजू सूर्याकडची, तिथे खेळवणारे गुडघ्यावर. सूर्य म्हणजे बिंदू नाही, अर्ध्या अंशाची तबकडी आहे, त्यामुळे सावलीची कड अंतराच्या साधारण शंभराव्या हिश्शाने पुसट होते. बाहुली चादरीपासून १ मीटरवर धरली तर कड ९ मिमी धूसर, मुंगीचे पाय गायब. १० सेंमीवर धरली तर फक्त १ मिमी, मिशासुद्धा दिसतात. हाच धूसरपणा कामाला लावा: ढग उंचावर धरा, मुंगी चादरीला टेकवून. सूर्य ४५ अंशांवर असताना बाहुली जितकी उंच तितकीच सावली बाजूला सरकते, तेव्हा खेळवणाऱ्याने बाहुलीकडे बघायचं नाही, सावलीकडे बघायचं. ही सवय लागायला दोन तालमी लागतात.

पानांच्या फटींतून जमिनीवर पडणारे कवडसे गोल का असतात, तर ती सूर्याचीच चित्रं असतात. फट तिकोनी असली तरी. नाटकात एवढं एक वाक्य टाका आणि पोरांना जमिनीवर शोधायला लावा. दहा मिनिटं तिथेच संपतात, म्हणून मध्यात नको, शेवटी ठेवा.

वाटाड्या

चालतं नाटक, म्हणजे प्रेक्षक एका थांब्यावरून दुसऱ्या थांब्यावर जातात ते. दिसायला सगळ्यात देखणं, कोलमडायला सगळ्यात सोपं.

एका तुकडीत ४० डोकी, मोठी धरून. पुढे एक वाटाड्या, शेवटी एक शेपूट, मध्ये एक फिरता. शेपटाच्या मागे कुणीही नाही, हा नियम. ५-६ वर्षांची पोरं खडबडीत वाटेवर तासाला २ किलोमीटरच्या आसपास चालतात. १०० मीटरला ३ मिनिटं, बसून शांत व्हायला आणखी २. पाच थांबे म्हणजे चार टप्पे, २० मिनिटं चालण्यातच गेली. तासाभराच्या प्रयोगात नाटक ४० मिनिटांचं. हे गणित न केल्यामुळे शेवटचा प्रवेश नेहमी पळापळीत होतो.

वाटेची रुंदी सव्वा मीटर तरी हवी. चाकाची खुर्ची किंवा बाबागाडी येणार असेल तर चढ बाराला एक, त्याहून जास्त नको. वाट गोल आखा, जिथे सुरू तिथेच शेवट. चपला, पिशव्या आणि शू लागलेली पोरं सगळी तिथेच परततात.

नटांना पुढच्या थांब्यावर प्रेक्षकांच्या आधी पोचायचं असेल तर त्यांची चोरवाट वेगळी हवी. बगळा मुलांच्या शेजारून धापा टाकत पळत गेला की संपलं.

दोन तुकड्या सोडायच्या तर २० मिनिटांचं अंतर आणि आवाजाचा नकाशा. तिसऱ्या थांब्यावरचा ढोल पहिल्या थांब्यावरची कुजबुज खातो. ढोल एकाच जागी, वाऱ्याच्या खालच्या बाजूला, आणि कुजबुजीचा प्रवेश त्या मिनिटांत नको. हे आधी कागदावर मांडून बघा.

मोजणी: प्रत्येक मुलाच्या मनगटाला रंगीत फीत, निघताना फितींचा आकडा लिहून घ्यायचा, प्रत्येक थांब्यावर शेपटाने मोजायचा. आकडा जुळल्याशिवाय पुढचा प्रवेश सुरू नाही. वाटाड्याला खूण म्हणून शेपूट हात वर करतो.

पारंबी

छान. बसून बघणाऱ्यांच्या बाबतीत माझा मोठा ताप वेगळा आहे: पोरं पुढे सरकतात. अर्ध्या तासात पहिली ओळ मीटरभर पुढे आलेली असते आणि नटाला वळायला जागा राहत नाही. दोरी टाकली तर दोरीशीच खेळतात.

वाटाड्या

दोरी नको, नदी टाका. हातभर रुंद निळ्या कापडाची पट्टी, नाटकाच्या सुरुवातीलाच अंथरायची, आणि पहिल्या दोन मिनिटांत एका पात्राचा पाय मगरीने ओढायचा. मग कुणी ओलांडत नाही. उलट ओलांडणाऱ्याला बाकीची पोरंच मागे ओढतात.

कामटी

+१. कापड वाऱ्याने उडू नये म्हणून दोन्ही कडांना नळीसारखी शिवण घालून आत वाळू भरा.

चौथी_घंटा

सहभागाबद्दल एक. मुलांच्या हातात वस्तू द्यायची तर ती कधी परत घ्यायची हे संहितेत लिहा. काठी दिली की तलवार होते, खडा दिला की नेम धरला जातो. वाळकी पानं सगळ्यात सुरक्षित: दोन मुठी प्रत्येकी, चुरगळली की ६० मुलांची आग लागल्यासारखी चरचर होते. पण चुरगळणं एकदाच होतं, दुसऱ्यांदा भुगा. म्हणून तालमीत खर्च करू नका. परत घ्यायला एक घरटं फिरवा, “पिलाला थंडी वाजतेय” एवढं पुरतं.

पाऊस करायला हातच पुरेत. तळवे एकमेकांवर घासणं, मग चुटक्या, मग मांडीवर थापा, मग पायांचा आवाज, आणि त्याच क्रमाने उलट. नटाने डावीकडून उजवीकडे नजर फिरवत चालवलं तर सर गावभर सरकल्यासारखी ऐकू येते. ४० सेकंद, फार तर ५०.

सरकती_सतरंजी

आणि खरा पाऊस आला तर?

वाटाड्या

भुरभुर असेल तर चालू ठेवा. अडचण पाण्याची नाही, निसरड्या जमिनीची आहे, तेव्हा पळण्याच्या हालचाली त्याच क्षणी चालण्यावर आणायच्या. तालमीत ही “ओली प्रत” एकदा तरी करून बघा. संहितेत तीन जागी उडीच्या खुणा हव्यात: इथून थेट शेवटाकडे. खूण ठरलेली, उदा. निवेदकाने टोपी काढली.

विजेला तडजोड नाही. लखलखाट आणि गडगडाट यांत ३० सेकंद किंवा कमी, म्हणजे वीज १० किलोमीटरच्या आत. प्रयोग थांबला. सगळे पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत. झाडाखाली नाही, मंडपात नाही. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं मोजायची, मध्ये परत ऐकू आला तर पुन्हा शून्यापासून. एवढं झाल्यावर पोरं परत नाटकात बसत नाहीत, तेव्हा उरलेलं आत बसून गोष्ट म्हणून सांगा. निर्णय एकाच माणसाचा, आणि तो नट नको. १०० माणसं मावतील असा आडोसा ५ मिनिटांच्या चालीत नसेल तर ती जागाच निवडू नये.

सरकती_सतरंजी

शेवटचं विचारते. ३ ते ५ वयाच्या मुलांसाठी यातलं काय बदलायचं?

पारंबी

वेळ ३०-३५ मिनिटं, त्याहून नाही. तुकडी २५ मुलांची. पहिली ओळ दीड मीटरवर चालते, पण मोठी बाहुली ६-७ मीटर लांबून, हळू, पाठमोरी यायला हवी. समोरून अंगावर आली की रडारड, आणि एक रडलं की साथ पसरते. बाहुली चालवणाऱ्याचा चेहरा आधी दाखवून टाका.

सरकती_सतरंजी

कामटी, पंख ताणायला आणि पट्ट्याला कुठली दोरी?

कामटी

काथ्या किंवा सुती दोर ओला झाला की लांबीला आखडतो. संध्याकाळी तणाव बरोबर असेल तर पहाटेच्या दवात तोच दोर कामटी वाकवतो किंवा मेख उपटतो. नायलॉन उलट, भिजला की सैल पडतो. त्यामुळे रात्रभर काही बांधून ठेवायचं असेल तर काथ्या बोटभर सैल सोडा, नायलॉन असेल तर सकाळी पुन्हा ताणा. आणि एकाच बाहुलीत दोन्ही मिसळू नका, एक बाजू आखडते, दुसरी लोंबते, आणि बगळा लंगडतो.